'गोड'मधला ड

भावाला मुलगी झाली तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. तो आणि वहिनी न्यू जर्सीत, आई-बाबा कल्याणला, मी पुण्यात. त्यांची रात्र ती आमची सकाळ, त्यामुळे उठून फोन हातात घ्यावा तर नावांचा ढीग येऊन पडलेला असे. अटी साध्या होत्या. नाव छोटं हवं. तिकडच्या शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईंना म्हणता यायला हवं. ळ नको, ण नको, ट-ठ-ड-ढ तर नकोच नको. आईने एकदाच, फारसा आग्रह न धरता, आपल्या सासूचं नाव सुचवलं: विठा. रमा परत आली, मुक्ता परत आली, मग हिनेच काय घोडं मारलंय, असा तिचा सूर. भावाने हसरी तोंडं टाकून लिहिलं, 'आई, नाव जरा यूफोनिक हवं गं.' आईने विचारलं, म्हणजे काय? 'म्हणजे कानाला गोड.' 'मग गोड म्हण की,' आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिचा आणखी एक मेसेज आला, 'तुझी आजी काय कडू होती का रे?'

सगळे हसले. मीही अंगठा टाकून कामाला लागले. पण तो ठ काही डोक्यातून जाईना.

ठ कडू, हे ठरवलं कुणी?

भावाने वापरलेला शब्द इंग्रजीत लॅटिन-फ्रेंचच्या वाटेने आला असला तरी जन्माने ग्रीक आहे. 'एउ' म्हणजे चांगलं, 'फोने' म्हणजे आवाज, कंठ. 'एउफोनोस' म्हणजे गोड गळ्याचा. यातला 'एउ' आपल्याला वाटतो तितका परका नाही. सुस्वर, सुवास, सुवार्ता यांतल्या आपल्या 'सु'शी त्याचं नातं भाषाशास्त्रज्ञ केव्हाच लावून बसले आहेत. ग्रीकांच्या तोंडी दोन स्वरांमधला स फार पूर्वी विरून गेला आणि सु-चा भाऊ एउ होऊन बसला. 'फोने'मधला फही कॉफीतला नव्हे. प्लेटोच्या काळात तो दोन्ही ओठ मिटून, मग श्वास सोडून म्हणत, म्हणजे आपल्या फणसातला फ. पुढच्या काळात त्याला दाताखाली धरलं गेलं, आणि आता आपल्याकडची मुलं फूल, फळ, फणस सगळं दाताखाली धरूनच म्हणतात, पण तो राग दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी काढीन. एवढं मात्र खरं की अथेन्सच्या एखाद्या जुन्या माणसाला हा शब्द लंडनच्या प्रोफेसरांपेक्षा माझ्या आजीच्या तोंडून जास्त ओळखीचा वाटला असता.

कुठलं अक्षर गोड आणि कुठलं नाही, याचा हिशेब कागदावर मांडणारा एक माणूस मला सापडला आणि तो मला फार आवडला. हॅलिकार्नाससचा डायोनिसिअस. हॅलिकार्नासस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बोद्रुम. रोममधली यादवी नुकतीच थांबली होती तेव्हा, इ.स.पू. 30 च्या सुमाराला, हा तिथे जाऊन राहिला आणि तरुण रोमनांना वक्तृत्व शिकवू लागला. रूफुस मेटिलियुस नावाच्या एका शिष्याला वाढदिवसाची भेट म्हणून त्याने शब्दांच्या जुळणीवर एक पुस्तक लिहून दिलं. त्यात एकेक वर्ण तोंडात कसा तयार होतो, जीभ कुठे जाते, श्वास कुठे आपटतो, हे तो सांगतो आणि लगेच गुणही देतो. स्वरांत पहिला नंबर दीर्घ आ-चा, कारण तोंड पुरतं उघडतं आणि श्वास वर टाळूकडे जातो. मग दीर्घ ए, मग दीर्घ ओ, मग ओठ आवळून म्हणायचा तो ग्रीक उ. सगळ्यात शेवटी इ, कारण तोंड जेमतेम उघडतं, श्वास दातांवर आपटतो आणि ओठ आवाजाला काही झळाळी देत नाहीत. हे वाचता वाचता मी एकटीच बसून एकेक स्वर मोठ्याने म्हणून पाहत होते. मग लक्षात आलं की 'आई' या हाकेत त्याच्या यादीतला पहिला आणि शेवटचा, असे दोनच स्वर आहेत आणि मध्ये काही नाही.

व्यंजनांत ल त्याच्या मते सर्वांत मधुर. म आणि न शिंगासारखे घुमतात. र कानाला खरवडतो, पण घराण्याने सगळ्यांत उच्च. आणि स? स-वर त्याचा राग आहे. बेचव, नकोसा, फार वेळा आला तर छळ. तो सीत्कार माणसाच्या वाणीपेक्षा जनावराच्या आवाजाला जवळचा, असं तो लिहितो. हा राग त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याच्याही काही शतकं आधी हर्मायनी गावच्या लासस या कवीने एकही स न येऊ देता देवी दिमीतरचं स्तोत्र रचलं होतं. स-वर एवढा राग असलेल्या लोकांच्या भाषेने गोडपणाच्या उपसर्गातूनच स काढून टाकला, हा योगायोग आहे हे मला कळतं, पण तो सोडवत नाही.

आपल्याकडेही असा हिशेब आहेच. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्याच्या माधुर्य गुणाला कोणते वर्ण चालतात ते सांगून ठेवलंय. आपल्याच वर्गातलं अनुनासिक डोक्यावर घेतलेली व्यंजनं, अनंग, कुंद अशी. ऱ्हस्व स्वरासोबतचे र आणि ण. समास नसलेला बरा, असलाच तर बेताचा. ट वर्ग मात्र बाद. त्याची जागा ओज गुणात, युद्धाच्या आणि संतापाच्या वर्णनात, श-ष आणि जोडाक्षरांच्या शेजारी. म्हणजे ण-च्या बाबतीत मम्मट माझ्या भावापेक्षा उदार निघाला, ठ-च्या बाबतीत दोघांचं एकमत. डायोनिसिअसच्या वर्गात आजीला थोडे जास्त गुण मिळाले असते. त्याला ठ माहीत असणं शक्य नव्हतं, पण स्पर्शवर्णांत ज्यांच्यात श्वास भरपूर तेच उत्तम, असं त्याने म्हटलंय. आपले महाप्राण त्याला चालले असते.

मराठी कानाची मात्र इथे पंचाईत होते. गूळ या शब्दात ळ आहे. लाडवात ड आहे, पेढ्यात ढ, श्रीखंडात पुन्हा ड, पुरणपोळीत ण आणि ळ दोन्ही. आणि खुद्द 'गोड'? संस्कृतातला 'मधुर' मम्मटाच्या परीक्षेत मान ताठ ठेवून पास होतो. आपल्या 'गोड'ची जीभ शेवटी टाळूला वळसा घालून आपटते आणि तरीही तो शब्द उच्चारताना तोंडाला पाणी सुटतं. उलटून पाहिलं तर गंमत आणखी वाढते. म, ल, र, य, आणि अधूनमधून मोकळे स्वर; एक टवर्गी नाही, एक जोडाक्षर नाही. भावाच्या सगळ्या अटी बसणारं नाव मी त्याला सुचवलंही होतं: मलेरिया. वहिनीला ते आवडलं नाही.

कॉलेजात संस्कृत होतं तेव्हा हाच इंग्रजी शब्द मला एकदा भेटून गेला होता, हे नंतर आठवलं. व्हिटनी नावाच्या अमेरिकन पंडिताने 1879 साली लिहिलेल्या संस्कृत व्याकरणात संधीच्या प्रकरणाला नावच यूफोनिक जोडणीचे नियम असं आहे. वाक् आणि मय यांचं वाङ्मय, जगत् आणि नाथ यांचा जगन्नाथ, हे सगळं म्हणे कानाच्या सुखासाठी. तेव्हा ते तसंच पाठ केलं. आता वाटतं, त्यात कानापेक्षा जिभेची सोय जास्त आहे. त् म्हणून झाल्यावर न-साठी नव्याने जुळवाजुळव करण्याचा तिला कंटाळा, म्हणून ती आधीच न-ची तयारी करून ठेवते. जिभेची सोय झाली की आपण तिला कानाचं सुख म्हणतो. न्यू जर्सीतल्या त्या हजेरी घेणाऱ्या बाईंचंही तेच. त्यांच्या जिभेला जे वळणार नाही ते आमच्या ग्रुपवर कडू ठरलं. यात भावाला दोष देणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. रोज सकाळी स्वतःचं नाव चुकीचं ऐकत मोठं होणं म्हणजे काय, ते त्याला ऑफिसात रोज कळतं. त्याच्याही नावात ण आहे.

बारसं उशिरा झालं, ते सुट्टीत कल्याणला आल्यावर. आत्या म्हणून मान माझा. पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, पाळणा म्हणून झाला, मावश्यांनी पाठीत धपाधप बुक्के घातले आणि मी वाकून त्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं. नाव सांगायच्या आधी काय म्हणतात? कुर्रर्र. ते कशासाठी ते कुणाला विचारलं तर कुणी धड सांगत नाही. आमच्या आईने म्हटलं होतं, तिच्या आईने म्हटलं होतं. क-ला उ जोडून पुढे लांबच लांब खरवडणारा र. डायोनिसिअसचा घराणेदार र. भाचीच्या कानात विधिपूर्वक गेलेला पहिला आवाज तो होता, महिनोन्‌महिने गाळून-चाळून निवडलेलं गुळगुळीत नाव त्याच्या मागून गेलं. ती दचकली नाही. उलट मान वळवून आवाज कुठून आला ते बघायला लागली. नाव मी इथे लिहीत नाही. चांगलं आहे. तिला शोभतं.

'एउ'ची बाकीची भावंडंही पाहण्यासारखी आहेत. यज्ञाची वेळ झाली की ग्रीक पुरोहित ओरडायचा, 'एउफेमेइते!' म्हणजे शुभ बोला. प्रत्यक्षात अर्थ असा की गप्प बसा, कारण तोंड उघडलं की माणूस काही तरी अभद्र बोलणार याची पुरोहिताला खात्री. आपला नाऱ्या त्या गर्दीत नक्की असणार. शुभ बोल म्हटलं तर मांडवाला आग लागल्याची बातमी देणारा. सूड घेत फिरणाऱ्या भयंकर देवतांना ते एउमेनिदेस म्हणत, म्हणजे कनवाळू. वादळी काळ्या समुद्राला म्हणत एउक्सेइनोस, पाहुण्यांचं आगतस्वागत करणारा. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. अंगभर फोड उठवणाऱ्या रोगाला देवी म्हणणारे, बांगडी फुटली तर वाढवली म्हणणारे, निघताना 'येते' म्हणणारे आपणच. फक्त पोरांच्या बाबतीत आपण उलट गेलो. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे पाळण्यातल्या गोजिरवाण्या जिवाला धोंडू म्हणायचं, दगडू म्हणायचं, म्हणजे कुणाची नजर जायला नको. त्या ड-ला आणि ढ-ला कडू म्हणताना माझी जीभ अडखळते. ती अक्षरं तिथे पहाऱ्याला बसवलेली होती.

डायोनिसिअस तसा मवाळ. त्याच्या आधीचे काही टीकाकार फार पुढे गेले होते. कविता चांगली की वाईट हे फक्त कानाने ठरवायचं, अर्थाला त्यात मत नाही, असं म्हणणारी मंडळी ग्रीसमध्ये होती. पॉसिमाखोस, हेराक्लेओदोरोस अशी त्यांची नावं. कानाला न्यायाधीश करणाऱ्यांतला सर्वांत वजनदार माणूस म्हणजे मालोसचा क्रातेस. पर्गामोनच्या राजदरबारातर्फे तो राजदूत म्हणून रोमला गेला, पॅलाटाइन टेकडीच्या भागात गटाराच्या उघड्या तोंडात पाय जाऊन त्याचं हाड मोडलं, आणि पाय बरा होईपर्यंत काय करायचं म्हणून त्याने व्याख्यानं दिली. रोमनांना व्याकरण-समीक्षेची गोडी लागली ती त्यातून, असं रोमन चरित्रकार सुएतोनिउस लिहून गेलाय. उघड्या गटाराने वाङ्मयाची केलेली एवढी सेवा आमच्याकडे नोंदली गेलेली नाही.

या कानवाल्यांची मूळ पुस्तकं गेली. ते काय म्हणत होते हे आपल्याला कळतं ते त्यांच्या विरोधकामुळे. गादारा नावाच्या, आता जॉर्डनमध्ये असलेल्या, गावचा फिलोदेमोस इटलीत येऊन राहिला होता. एपिक्युरस या तत्त्वज्ञाच्या पंथाचा. त्याने कवितेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात भल्या माणसाने विरोधकांची मतं आधी सविस्तर मांडली, मग एकेकाला घेतलं. कानाला विचार करता येत नाही, नुसती गुदगुल्या झाल्याची दाद म्हणजे कवितेची पारख नव्हे, अर्थ बाजूला काढून आवाज तेवढा चांगला म्हणता येत नाही, असा त्याचा रोख. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हिअस फुटला तेव्हा हर्क्युलेनिअममधल्या एका श्रीमंत वाड्यात त्याच्या पुस्तकांच्या गुंडाळ्या होत्या. त्या जळून कोळसा झाल्या आणि म्हणूनच टिकल्या. कोळसा कुजत नाही. 1750 नंतर भुयारं खणणाऱ्यांना त्या सापडल्या तेव्हा काही खरोखर कोळसा समजून फेकल्या गेल्या. पियाज्जो नावाच्या पाद्र्याने रेशमी धाग्यांवर टांगून त्या उलगडायचं यंत्र केलं. अलीकडे न उलगडताच, क्ष-किरण आणि कॉम्प्युटरच्या मदतीने, वाचायची युक्ती निघाली आहे. 2023 साली एका बंद गुंडाळीतून पहिला शब्द वाचला गेला तो जांभळ्या रंगाचा. गोड आवाजाबद्दलचं इतकं कडाक्याचं भांडण आपल्यापर्यंत पोचलं ते काळ्या ठिक्कर ढेकळांतून, ज्यांना हात लावला तर भुगा होतो.

मी फिलोदेमोसच्या बाजूची आहे, पण पुरती नाही. लहानपणी अर्थ न कळता पाठ केलेली स्तोत्रं मला अजून येतात आणि अर्थ कळल्यावर त्यातली काही उलट फिकी झाली. तेव्हा कानाला अक्कल नाही हे मान्य करायला मी तयार नाही. मात्र नुसता अचूक आवाज म्हणजे काय होतं याचा एक प्रयोग होऊन गेलाय. 1846 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये जोसेफ फाबर या जर्मन माणसाने बोलणारं यंत्र मांडलं. भाता, रबरी जीभ, पुढे बाईचा मुखवटा आणि बोटांनी दाबायच्या पट्ट्या. ते वाक्यं बोलायचं, राणीचं गाणंही म्हणायचं. नाव ठेवलं होतं यूफोनिया. लोक पैसे देऊन आत यायचे आणि अंगावर काटा घेऊन बाहेर पडायचे. आवाज थडग्यातून आल्यासारखा वाटायचा म्हणे. अक्षरं सगळी जागच्या जागी होती.

डायोनिसिअसकडे परत जायचं ते त्याच्या एका वेगळ्या निरीक्षणासाठी. पुस्तकात पुढे तो म्हणतो, काही नावं कवीला टाळताच येत नाहीत. होमरला ट्रॉयच्या लढाईला गेलेल्या गावांची यादी द्यायची होती, आणि ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातल्या गावांची नावं काही सुंदर नव्हती. स्खोइनोस, स्कोलोस, एतेओनोस. होमरने काय केलं? नावं बदलली नाहीत. त्यांना शेजार चांगला दिला. खडकाळ आउलिस, डोंगरसोंडांचं एतेओनोस, ऐसपैस नाचमैदानांचं म्युकालेसोस, आणि मधूनमधून 'आणि'साठीचा एवढासा 'ते' पेरत गेला: स्खोइनोन ते स्कोलोन ते. ती आता सगळ्या नावांत भारदस्त वाटतात, असं डायोनिसिअस मान्य करतो. त्यातलं स्कोलोस हे गाव किथेरॉन डोंगराच्या पायथ्याला, राहायला इतकं खडतर की स्त्राबोने त्याच्या भूगोलात एक म्हणच नोंदवली आहे: स्कोलोसला आपण जाऊ नये आणि जाणाऱ्याच्या मागूनही जाऊ नये.

विठाआजी राहायची ते गाव खर्डी स्टेशनात उतरून पुढे. कल्याणहून कसारा लोकल, खिडकीसाठी माझी आणि भावाची मारामारी, आणि गाडी शहाड सोडते न सोडते तोच आमचं दोघांचं सुरू व्हायचं: आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी. त्यात ट आहे, ड आहे, ळ आहे, र्ड असं जोडाक्षरही आहे. मम्मटाने यातली निम्मी तरी माधुर्यात घेतली नसती. डब्यात जांभळांच्या पाट्या, सुकटीचा वास, दारात करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या बायका, त्या पुढच्या स्टेशनाचं नाव घेऊन एकमेकींना हाका मारायच्या. वासिंद-आसनगाव-आटगाव हे तर आम्ही चालीवर म्हणायचो, आसनगावच्या स-वर जोर देऊन. पावसात पूल ओलांडताना चाकांचा आवाज बदलायचा तेव्हा खडवली म्हणायचंच, असा नियम होता. आता गाडीतच घोषणा होते, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. पुढील स्टेशन टिटवाळा. अगला स्टेशन टिटवाला. तिसऱ्यांदाही टिटवालाच. काही सेकंदांत ळ जाऊन त्याच्या जागी ल येतो. डायोनिसिअसला ही सुधारणा पसंत पडली असती, त्याचा सर्वांत मधुर वर्ण आला. होमरचं सांगता येत नाही. त्याने स्कोलोसचा स होता तिथेच राहू दिला.